पेपर संपेपर्यंत

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये दर फेब्रुवारीत एक कागद चिकटतो. 'दहावी-बारावीच्या परीक्षा सुरू होत आहेत, कृपया आवाज टाळा.' खाली सेक्रेटरींची सही. पनवेलजवळ करंजाड्याला राहायला आल्यापासून मी तो न वाचता मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभी राहते. यंदा तसं जमलं नाही. यंदा माझी मुलगी सई दहावीला आहे, आणि तो कागद चिकटवायला सेक्रेटरींनी तिच्याच हातात सेलोटेप दिली होती.

फेब्रुवारी सरताना इकडची हवा बदलते. पहाटे अंगावर पातळ चादर लागते आणि अकरा वाजता बांधकामांच्या धुळीला ऊन चिकटतं. समोरच्या टेकडीवर पानं झडलेला पळस गॅलरीतून दिसतो. ओहोटी लागली की खाडीकडून चिखलाचा खारट वास येतो, आणि त्यातच कुणाच्या तरी परसातल्या आंब्याच्या मोहराचा. लोक म्हणतात, काय छान दिवस आहेत. मला हे दिवस फसवणुकीचे वाटतात. वीस वर्षांपूर्वी याच हवेत मी बारावीची परीक्षा देत होते, माझी आई मरत होती, आणि हे मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. निदान आत्ता-आत्तापर्यंत मी असंच समजत होते.

आईचं नाव मंदाकिनी. जुईनगरजवळच्या खाडीकाठच्या गावातली ती, आगरी घरातली. तिच्या वडिलांचं मिठागर होतं. शहर येत गेलं तसं ते गेलं. बाबा साताऱ्याकडचे, कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकून. त्या बाजाराच्या मागच्या गल्लीत ड्रायव्हर आणि माथाडी कामगारांच्या मुलांसाठी एक बालवाडी होती, तिथे आई शिकवायची. बाबांच्या ऑफिसचे ट्रक बालवाडीच्या दारात उभे राहत. एके दिवशी ती ऑफिसात शिरली आणि म्हणाली, "तुमचे ट्रक हलवा. माझ्या पोरांना ऊन दिसत नाही." बाबा ही गोष्ट रंगवून सांगत. "दुसऱ्या दिवशी ट्रक हलले, आणि तिसऱ्या दिवशी मीच दारात उभा राहिलो."

दोन्ही घरांनी वर्षभर तोंडं फिरवली होती म्हणे. मला आठवतं ते त्यानंतरचं. बाबा तिला जन्मभर 'मॅडम' म्हणाले. "मॅडम, चहा मिळेल का?" ती त्यांना समोर 'अहो' म्हणायची आणि शेजारणींजवळ 'आमचे सातारकर'. त्यांच्यासाठी ती ठेचा कुटायला शिकली. ते मासे खायला शिकले, पण काटे काढायला कधीच शिकले नाहीत. बोईट असेल तेव्हा ती आधी त्यांच्या ताटातले काटे काढून द्यायची, मग माझ्या, मग स्वतः जेवायला बसायची. गावात कुणाचं लग्न असलं की धवले गायला तिला हमखास बोलावणं असे. आवाज काही गोड नव्हता तिचा, जाडा होता. पण ती गायला लागली की मांडवातल्या बायका बोलायच्या थांबत.

आणि तिला खोटं जमायचं नाही. बालवाडीत मुलांना इंजेक्शन द्यायला नर्सबाई येत, तेव्हा बाकी सगळ्या म्हणत, "दुखत नाही हं, अजिबात दुखत नाही." आई म्हणायची, "दुखतंय. पन थोडंच दुखतंय. हात धर माझा." तीन वर्षांच्या परक्या मुलांना ती खोटं सांगत नव्हती. सतरा वर्षांच्या स्वतःच्या मुलीला तिने तीन महिने सांगितलं.

जानेवारीत तिने जाहीर केलं की मी परीक्षा संपेपर्यंत मावशीकडे राहायचं. का, तर कळंबोलीत ट्रकचे हॉर्न फार. मी हसलेच. त्या हॉर्नच्या आवाजात मी पाळण्यात झोपले होते. "मला काय फरक पडतो?" मी म्हणाले.

"तुला नाय पडत, मला पडतो," ती म्हणाली. "रंजीकडं शांतता हाय. जेवायला खायला हाय. जा बाय."

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. पुढे कितीतरी वर्षं मला त्यांची ती न उचललेली मान दिसत राहिली.

रंजूमावशी आईची धाकटी बहीण. जुईनगरला गावठाणात तिचं तीन मजली घर, खालचे दोन मजले भाड्याने दिलेले आणि वर ती आणि काका. गच्चीवर जवळा वाळत घातलेला असे. मी त्याच गच्चीच्या एका कोपऱ्यात पत्र्याच्या सावलीत अभ्यासाला बसायचे. अजूनही वाळत्या जवळ्याचा वास आला की मला सेंद्रिय रसायनशास्त्र आठवतं. मावशी माझे नको इतके लाड करायची. "जिताडं आनलंय तुझ्यासाठी, खा गो." पुस्तक घेऊन बसले की मागे येऊन उभी राहायची आणि मग निघून जायची. दुपारची ती घरी नसायची. मंडळाची भिशी, हळदीकुंकू, देवीचं दर्शन, असं काहीतरी सांगायची. एवढी देवीभक्त मावशी त्याआधी नव्हती आणि नंतरही झाली नाही.

रोज संध्याकाळी आईचा फोन यायचा. काय जेवलीस, किती धडे झाले, केस धुतलेस का. एकदा मागून चाकांचा खडखडाट ऐकू आला. "कसला आवाज गं?" मी विचारलं.

"गाड्याच त्या. कळंबोली हाय ना, म्हनून तर तुला तिकडं ठेवलंय."

स्ट्रेचर होतं ते. ती हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधल्या फोनवरून बोलत होती.

मधे फक्त एकदा ती मला भेटायला आली. फेब्रुवारीच्या मधला एक रविवार होता. अंगात स्वेटर. मी म्हणाले, "गरम होत नाही?" ती म्हणाली, "उपास धरलेत, म्हनून थंडी वाजते." गाल बसले होते. मी बघितलं, आणि उपास म्हटल्यावर सोडून दिलं. गच्चीत माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "काय शिकतेस ते मला शिकव." वर्तुळाकार गतीचा धडा होता. मी दोरीला बांधून फिरवलेल्या दगडाचं उदाहरण दिलं. तिने विचारलं, "आणि दोरी सोडली तर दगड कुठं जातो?" मी म्हणाले, स्पर्शरेषेवरून सरळ. आणि आकृती काढून मान वर केली तर ती भिंतीला टेकून झोपलेली. मला राग आला. मी तिला हलवून म्हणाले, "ऐकायचं नाही तर विचारतेस कशाला? माझा वेळ जातो."

ती उठली. "बरोबर," म्हणाली. "तुझा वेळ जातो."

तासाभराने काका तिला रिक्षाने घेऊन गेले. मी जिना उतरून खालीसुद्धा गेले नाही.

मार्चमध्ये पेपर सुरू झाले तसे तिचे फोन लहान होत गेले. घसा बसलाय म्हणायची. एक दिवस मी मावशीला खूण केली, सांग मी अभ्यास करतेय, नंतर बोलते. मावशी फोन हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंदे, ती अभ्यास करतेय गो." आणि बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिली. आईशी माझं जे शेवटचं बोलणं व्हायचं होतं, ते मी अशा रीतीने वाचवलं. भौतिकशास्त्रासाठी. त्यानंतर बाबाच फोन करत. आई देवळात गेलीय, आई झोपलीय. मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटायचं. केस धुतलेस का, हे रोज कोण ऐकणार?

शेवटचा पेपर जीवशास्त्राचा. बाहेर आले तेव्हा मैत्रिणींबरोबर आइस्क्रीमला जायचं ठरलं होतं. फाटकाबाहेर काका रिक्षा घेऊन उभे होते. "बस," म्हणाले. "हॉस्पिटलात जायचं हाय." कोणाला काय झालं, विचारलं तर त्यांनी रिक्षावाल्यालाच सांगितलं, "जरा जोरात घे."

पलंगावर होती ती आई आहे हे कळायला मला वेळ लागला. डोळे मिटलेले, श्वास मोठमोठा. बाबा स्टुलावर बसले होते. मला बघून उठले आणि त्यांनी विचारलं, "पेपर कसा गेला?"

मी म्हणाले, "सोपा होता." दुसरं काय म्हणणार? तोंडातून तेच निघालं. बाबा वाकले आणि तिच्या कानाशी म्हणाले, "मॅडम, सोपा होता म्हणतेय. संपले सगळे पेपर." तिचा श्वास तसाच चालू राहिला. दोन दिवस चालला. मग थांबला. त्या दोन दिवसांत तिने डोळे उघडले नाहीत. मी तिचा हात धरून बसले होते, पण तो हात मला धरत नव्हता.

तेराव्यानंतर मावशीने मला जवळ घेऊन सांगितलं, डिसेंबरातच कळलं होतं. पोटात कर्करोग, पसरलेला. "मंदीनं शपथ घातली व्हती गो. पेपर संपेपर्यंत पोरीला कळलं तर माझं मेलेलं तोंड बघशील, म्हनली." मग तिने आईच्या दहावीची गोष्ट सांगितली. दुसऱ्याच पेपरला कुणीतरी वर्गात आलं आणि आईला उठवून घेऊन गेलं. त्यांचे वडील गेले होते. आई पुन्हा परीक्षेला बसू शकली नाही. धाकटी भावंडं, घर, मग बालवाडीतली नोकरी. तिचा अर्धा लिहिलेला पेपर बाकावर तसाच राहिला, ही खंत तिला आयुष्यभर पुरली. म्हणून माझ्या पेपरमधून मला कुणी उठवायचं नाही, हा तिचा पण.

मी ते ऐकलं आणि मला पाझर फुटला नाही. मला एवढंच वाटलं की तिला निदान कुणी उठवायला तरी आलं होतं. ज्याला ती आपलं दुर्दैव म्हणत होती ते मला मिळालं असतं तर मी पाया पडून घेतलं असतं.

मार्क चांगले पडले, पण मी डॉक्टर झाले नाही. मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आमच्याकडे अशा बायका रोज येतात. एकट्या. सुई टोचताना तोंड फिरवतात आणि जाताना हळू आवाजात सांगतात, "घरी फोन करू नका हं. रिपोर्ट मीच येऊन घेईन." मग येतात, पाकीट तिथेच उघडतात, घडी करून पर्समध्ये अगदी तळाशी ठेवतात आणि वरून रुमाल. त्यांच्यामागून धावत जावं आणि सांगावं असं मला कितीदा वाटलंय. तुम्ही घरच्यांना वाचवत नाही आहात बाई. तुम्ही त्यांच्यापासून काहीतरी चोरताय, आणि ते परत करायला तुम्ही असणार नाही. पण कामावर असताना असं बोलता येत नाही. मी पुढची ट्यूब घेते.

बाबांशी मी वीस वर्षं नीट वागले. नीट म्हणजे जेवढ्यास तेवढं. लग्नानंतर दर रविवारी कळंबोलीला जाते, डबा नेते, औषधांच्या पट्ट्या तपासते. सई त्यांच्याशी तासन् तास बोलते, पत्ते खेळते. मी स्वयंपाकघरात असते. ते आईबद्दल काही बोलू लागले की मला गॅसवर काहीतरी आठवतं. मी त्यांना कधी एका शब्दाने विचारलं नाही. जे तीन महिने माझे होते ते त्यांनी मला न विचारता देऊन टाकले, आणि वर विचारलं की पेपर कसा गेला. याला काय विचारायचं?

सईचे पेपर सुरू झाले त्याच आठवड्यात बाबांच्या छातीत दुखलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी सांगितली, चार-पाच दिवसांच्या आत. मी कळंबोलीला गेले तेव्हा ते शांतपणे चहा करत होते. कप माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "सईला नको सांगूस. तिचे पेपर होऊ देत. मी सांभाळून राहतो तोवर."

माझ्या हातून कप निसटलाच. वीस वर्षं दातांखाली धरलेलं सगळं एका वाक्यात बाहेर आलं. "परत? परत तेच? तुम्हाला माहीत होतं ती मरतेय आणि तुम्ही मला तिकडे ठेवलंत!"

बाबा फरशीवरचा चहा पुसायला फडकं घेऊन खाली बसले. पुसत-पुसतच म्हणाले, "मला माहीत नव्हतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"रिपोर्ट आणायला ती रंजीला घेऊन गेली होती. मला म्हणाली, गाठ आहे, साधी आहे. आधी ताकद यायला सलाइन लावतील, मग मे महिन्यात ऑपरेशन. फाईल उशाखाली ठेवायची. डॉक्टरांना विचारलं की ते म्हणायचे, बाईंना सगळं सांगितलंय. मी बाईंना विचारायचो. बाई म्हणायच्या, मे महिन्यात." त्यांनी फडकं पिळलं. "मी तेव्हा रविवारीसुद्धा ऑफिसला जायचो. जादा काम करून रजा साठवत होतो. ऑपरेशनच्या वेळी महिनाभर तिच्याजवळ राहता यावं म्हणून."

मला तो मे महिना आठवला. बाबा महिनाभर घरात बसून होते. खिडकीजवळ, खुर्चीत. मला वाटायचं, यांना कामावर जायची लाज वाटत असेल.

"देवळात गेलीय म्हणायचात ते?"

"आवाज ऐकून तू घाबरशील, म्हणून तिनेच तसं सांगायला लावलं. ते मी बोललो, ते खोटं माझं. मला वाटत होतं, थकवा आहे. शेवटच्या पेपरच्या तीन दिवस आधी ती बोलायची थांबली. तेव्हा डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं. तेव्हा मला कळलं." त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "तीन दिवस. त्या तीन दिवसांत मी तुला बोलवू शकलो असतो. नाही बोलावलं. तिने एवढं करून ठेवलं होतं, ते मोडायचा धीर झाला नाही. ते तीन दिवस माझे आहेत बाळा. त्याची माफी मी मागत नाही, मागून काय होणार. पण बाकीचे तिचे."

"मग सांगितलं का नाहीत मला इतकी वर्षं? मी तुमच्याशी कशी वागले!"

"तुला कुणावर तरी रागवायचं होतं," बाबा म्हणाले. "ती नव्हती. मी होतो."

मी तिथेच जमिनीवर बसले. बाबांनी दुसरा कप काढला आणि उरलेला चहा त्यात ओतून माझ्यापुढे ठेवला. या माणसाला जन्मभर काटे काढून देणाऱ्या बाईने निरोपसुद्धा घेऊ दिला नव्हता. त्याच्याशीही ती खोटं बोलली, आणि मग मरून गेली. मी इतकी वर्षं एका फसवणाऱ्याच्या घरी डबे नेत नव्हते, माझ्यासारख्याच फसवलेल्या माणसाच्या घरी नेत होते. आम्ही दोघं एकाच घरात एकटे-एकटे तिच्या सुतकात राहिलो.

त्या संध्याकाळी मी सईला सगळं सांगितलं. आजोबांच्या हृदयात ब्लॉक आहे, मंगळवारी अँजिओप्लास्टी आहे, बहुतेक सगळं ठीक होईल, पण होईलच असं कुणी सांगत नाही. सईने पुस्तक मिटलं. रडली, मग मला डॉक्टरांसारखे प्रश्न विचारले, मग परत रडली. बुधवारी तिचा विज्ञानाचा पेपर होता. तिचा चेहरा बघितला, आणि तेव्हा पहिल्यांदा मला आई कशाला भ्याली होती ते कळलं. कळलं, पण तरी मी तिला क्षमा केली नाही.

मंगळवारी सई हट्टाने पनवेलच्या हॉस्पिटलात आली. मांडीवर विज्ञानाचं पुस्तक, एक पान उलटलेलं नाही. बाबांना आत नेताना ती स्ट्रेचरबरोबर दारापर्यंत चालत गेली. ते काहीतरी म्हणाले, ती हसली. दोन तासांनी ते बाहेर आले. फिकट होते, पण शुद्धीत. तिने त्यांचा हात घेतला आणि त्यांनी तो घट्ट धरला. मी लांबून बघत होते. मला रडू आलं ते आनंदाचं नव्हतं. एवढीच गोष्ट होती, आणि एवढीच मला मिळाली नव्हती.

बुधवारी दुपारी मी परीक्षा केंद्राबाहेर गुलमोहराच्या तुटपुंज्या सावलीत उभी होते. सई बाहेर आली ती तोंड पाडून.

"आई, वाईट गेला गं. दोन प्रश्न राहूनच गेले. आकृतीची नावं आठवली नाहीत. डोक्यात काही राहतच नव्हतं."

मी तिची बॅग घेतली. रस्त्यावर मुलींचे घोळके होते, आया होत्या, पाण्याच्या बाटल्या होत्या. सई नाक पुसत म्हणाली, "आपण आधी आजोबांकडे जाऊ या ना."

रिक्षा मिळेपर्यंत आम्ही उन्हात चालत राहिलो. आणि मी मनातल्या मनात आईशी भांडत होते, ती जिवंत असती तर जशी भांडले असते तशी, मोठ्या आवाजात. बघ गं, तुझ्या नातीचा पेपर वाईट गेला. दोन प्रश्न राहिले, आकृती चुकली. एवढंच झालं. एवढंच झालं असतं, आई.